कोडोलीची आगगाडी

कोडोलीस आगगाडी जात नाही. पन्हाळा तालुक्यातील या मोठ्या गावी जावयाचे तर रेल्वेचा आणि आपला ऋणानुबंध कोल्हापुरासच संपतो, पुढे एस.टी.ची कास धरावी लागते. महामार्गाने शिरोली, टोप ही गावे मागे टाकीत वाठारास यावे आणि तेथे डाव्या हातास वळावे, की दोहो बाजूंस उसाचे मळे लागतात. दक्षिणेकडे जोतिबाचा डोंगर आपल्याबरोबर चालत असल्यासारखा दिसतो, उत्तरेकडे वारणा नदी आणि तिच्या पलीकडे सांगली जिल्हा. गावाला लागूनच वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे धुराडे दुरूनच वाट दाखविते. मी गेलो तेव्हा वैशाख चालू होता. गाळपाचा हंगाम उलटून गेल्यामुळे धुराडे थंड होते आणि वाटेतील गुऱ्हाळांच्या काहिली पालथ्या पडल्या होत्या.

कोडोलीस माझी थोरली बहीण असते. तिला आम्ही सर्व भावंडे ताई म्हणतो. तिचे दोन मुलगे, दोन सुना व दोन नातू असा भरला संसार एका कडीपाटाच्या जुन्या घरात नांदत आला आहे. दरवर्षी उन्हाळ्यात चार दिवस मी तिच्याकडे जातो. परंतु या वर्षीचे जाणे निराळे होते. धाकट्या भाच्याची नोकरी पुण्यास. इतकी वर्षे तो एकटाच तिकडे राहून शनिवार-रविवारी येत असे. आता जूनपासून बायको-मुलास घेऊन तो कायमचा पुण्यास जावयाचा होता, आणि तत्पूर्वी घर व शेत यांची वाटणी करून घ्यावी असे त्याच्या मनात होते. थोरल्यास ते मानवले नव्हते. दोघे भाऊ एका पंगतीस बसत; पण भाजी वाढ, ताक दे, यापलीकडे शब्द नाही. ताईने मला मुद्दाम बोलावून घेतले होते. "तू शाळामास्तर, दोघांनाही शिकवलेस. तुझे ऐकतील," असे तिचे म्हणणे. पस्तीस वर्षे मुलांस संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्याचे घरात कोणी ऐकतेच असे नाही, हे तिला सांगण्याचा धीर मला झाला नाही.

दुपारी सोप्यावर जरा लवंडलो, तो दोन्ही नातू एक मोठी पेटी ओढीत घेऊन आले. थोरल्याचा मुलगा अकरा वर्षांचा, धाकट्याचा नऊ. पेटीत लेगोच्या विटा होत्या. परदेशी असलेल्या आत्याने दोघांत मिळून ही पेटी धाडलेली. या खेळण्याची थोडी माहिती येथे दिल्यास वावगे होणार नाही. डेन्मार्क देशातील बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नामक सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करावयास आरंभ केला, तोच हा कारखाना. "चांगले खेळ" अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचा संधी करून त्याने हे नाव बनविले. डोक्यावर घुंड्या व पोटात नळ्या असलेल्या विटेचा शोध १९५८ साली नोंदला गेला. दोन घुंड्यांमधील अंतर नेमके आठ मिलिमीटर असते, आणि या आठाच्या हिशेबानेच सगळी सृष्टी उभी राहते. १९६६ पासून त्यांच्या आगगाड्याही निघाल्या.

मुलांनी त्या विटांचे वाफेचे इंजिन केले होते. काळा बाष्पक, पुढे धुराडे, मागे कोळशापाण्याचा डबा आणि त्या डब्याच्या पोटात बॅटरीवर चालणारी मोटर. इंजिनाखाली मोठी सहा चाके. वर्तुळाकार रूळ मांडला होता. तो वळणदार सोळा तुकड्यांनी पुरा होतो. गाडी त्यावरून सुरेख धावे. तरी थोरला नातू समाधानी नव्हता. "आजोबा, चित्रात इंजिनाच्या चाकांना दांडे असतात आणि ते वरखाली हलतात. आमच्या इंजिनाला नाहीत. तुम्ही खरे इंजिन पाहिले आहे ना?"

पाहिले होते. कोल्हापूर संस्थानाने मिरजेपर्यंतचा लोहमार्ग १८९१ साली सुरू केला. तो एक मीटर रुंदीचा होता. १९७१ साली त्याचे रुंद मार्गात रूपांतर झाले. त्याच्या थोडे आधी वडिलांनी मला बोट धरून कोल्हापूरच्या स्थानकावर नेले होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. लांब चोचीच्या डब्याने चालक दांड्यांच्या सांध्यांत तेल सोडीत होता. मग शिट्टी झाली, आणि तेलाने चकाकणारा तो पोलादी दांडा मनुष्याच्या कोपरासारखा मुडपला, पुन्हा सरळ झाला. वडील म्हणाले, "धूर काय बघतोस? दांड्याकडे बघ. सगळी अक्कल तिथे आहे." त्या अकलेचा अर्थ मात्र त्या दिवशी मला कळला नाही.

दांडे दोन प्रकारचे असतात. वाफ दट्ट्यास ढकलते; दट्ट्याची मागेपुढे होणारी सरक चाकापर्यंत पोहोचवून तिचे फिरणे करतो तो चालक दांडा. आणि ज्या चाकास ही गती मिळाली त्याच्यापासून शेजारच्या चाकांस ती वाटून देतो तो जोडदांडा. जोडदांडा नसेल तर एकाच आसाच्या चाकांवर सर्व ओढ येते आणि ती रुळावर घसरू लागतात. हलक्या रुळांवर जड इंजिन चालवावयाचे तर त्याचे वजन पुष्कळ चाकांवर पसरावे लागते आणि त्या सर्व चाकांस जोडदांड्याने एकत्र बांधावे लागते. आमच्या मुलखातील बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण यासाठी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज स्थापत्यविशारदाने १८९७ साली अडीच फूट रुंदीची ही गाडी कुर्डुवाडी-बार्शी दरम्यान सुरू केली. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये असा त्याचा दंडक होता. म्हणून त्याने लीड्सच्या किटसन कारखान्याकडून आठ जोडचाकांची इंजिने करवून घेतली. पुढे हीच गाडी १९०६ मध्ये पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. किती वारकऱ्यांस तिने विठोबाच्या पायांशी नेले असेल त्याची गणती नाही.

एवढे व्याख्यान झाल्यावर आम्ही कामास लागलो. भोकांच्या पातळ पट्ट्या धाकट्याच्या वाट्याच्या ढिगात होत्या, खिळी थोरल्याच्या. त्या दिवसांत पेटीतही दोन ढीग पडले होते, हे मला तेव्हाच समजले. आईबापांनी मुलांस काही सांगितले नव्हते. मुलांनी ते हवेतूनच घेतले होते.

पहिला प्रयत्न फसला. पट्टीची भोके आठ-आठ मिलिमीटरवर, पण मधला आस अर्धे घर पुढे बसलेला. म्हणून आस सरकवून घेतला. दुसऱ्या प्रयत्नात पट्ट्या बसल्या, पण चाके फिरण्याऐवजी रुळावरून नुसती फरफटू लागली. खिळी काळ्या होत्या. काळ्या खिळीच्या अंगावर बारीक उंचवटे असतात; ती भोकात आवळून बसावी अशीच तिची योजना असते. जेथे हालचाल हवी तेथे करड्या रंगाची गुळगुळीत खीळ लागते. त्या बदलताच चाके मोकळी झाली. वळणावर मात्र ती अडखळत. सहाही चाकांस आतून कड असल्यामुळे मधल्या जोडीस वळणात जागा मिळत नव्हती. २००९ साली लेगोने एमरल्ड नाइट या नावाचे इंजिन काढले, त्यात मोठी चाके कडेची व बिनकडेची अशी दोन्ही तऱ्हेची होती. सुदैवाने आमच्या पेटीत बिनकडेची एक जोडी निघाली. ती मध्ये घालताच वळण साधले.

तरीही इंजिन चार वेढे नीट फिरे आणि पाचव्यास एकाएकी आखडून उभे राही. तास गेला, दुसरा गेला. मी खाली वाकून बघत राहिलो. दर खेपेस ते थांबे तेव्हा खीळ, चाकाचा मध्य आणि पट्टी ही तिन्ही एका सरळ रेषेत आलेली असत, दोन्ही बाजूंस एकाच वेळी. आणि वडिलांच्या त्या वाक्याचा अर्थ पन्नासांहून अधिक वर्षांनी माझ्या डोक्यात उतरला.

दांडा आणि खीळ एका रेषेत आली, की त्या क्षणी दांडा चाकास पुढे लोटू शकत नाही आणि मागेही ओढू शकत नाही. यास यंत्रशास्त्रात मृतबिंदू म्हणतात. जोडलेले पुढचे चाक येथून सुलट जाईल की उलट, याचाही दांड्यास बंध उरत नाही. किंचित घसरले तरी एक चाक उलटे फिरू पाहते आणि सगळे अडकते. खऱ्या इंजिनात यावर उपाय असा, की उजव्या बाजूची खीळ डाव्या बाजूच्या खिळीपेक्षा पाव फेऱ्याने पुढे बसवितात. मग डावी बाजू मृतबिंदूत हतबल होते तेव्हा उजवी आपल्या पूर्ण जोरात असते, आणि उजवी अडते तेव्हा डावी तिला पार नेते. म्हणूनच इंजिन कोणत्याही स्थितीत उभे असले तरी सुरू करता येते. लेगोचा आस अधिक चिन्हाच्या आकाराचा असतो, तेव्हा चाक काढून पाव वळसा देऊन पुन्हा बसविणे अगदी सोपे. तिन्ही आसांवरील उजवी चाके आम्ही तशी फिरवून बसविली.

गाडी सोडली. पाच वेढे झाले, दहा झाले, पंचवीस झाले. मुले मोजीत होती. पट्ट्या खरोखरीच्या दांड्यांप्रमाणे वरखाली होत होत्या. धाकटा नातू टाळ्या पिटीत म्हणाला, "दादा, डावी बाजू माझी, उजवी तुझी!" तेव्हा थोरला क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "अरे, मग एकेकाची बाजू घेऊन इंजिन चालेल कसे? तू तर पुण्याला जाणार."

दोन्ही भाचे दारात केव्हा येऊन उभे राहिले होते ते मला कळले नाही. कोणी काही बोलले नाही. मलाही उपदेश करण्याचा मोह झाला नाही असे नाही. एका चाकाने रथ चालत नाही, हे वचन मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितले असेल. पण त्या दुपारी मला वाटले, की ते वचन अर्धेच आहे. दोन चाके असूनही भागत नाही. दोन्ही बाजू एकाच क्षणी थकल्या तर गाडी उभीच राहावयाची. एक अडलेला असताना दुसऱ्याचा हात मोकळा असावा, एवढ्यासाठी तर माणसे एकत्र राहतात. आणि त्यासाठी दोघांची स्थिती सारखी असणे नव्हे, वेगळी असणेच उपकारक. एकाने गावी राहावे, एकाने शहरी जावे, यात मोडण्यासारखे काही नाही. मोडते ते मधला आस काढला म्हणजे. मी यातले काही बोललो नाही. मुलांस फक्त पाव वळशाचे कारण पुन्हा एकदा मोठ्याने समजावून सांगितले.

रात्री जेवणे झाल्यावर दोघे भाऊ अंगणात बराच वेळ बोलत बसले होते. वाटणी टळली, असे लिहावयास मला आवडले असते. पण ती टळली नाही. शेताचे दोन भाग झाले, आणि धाकट्याच्या भागाची कसणूक थोरल्यानेच करावी असे ठरले. घराची मात्र वाटणी करावयाची नाही, ताई आहे तोवर तर नाहीच, आणि दिवाळी-गणपतीस सर्वांनी कोडोलीसच जमावयाचे, असे दोघांनी मिळून सांगितले. ताईने पदर डोळ्यांस लावला आणि लगेच, "ताक कोणाला हवे?" म्हणून उठली.

पेटीतल्या विटांचे काय करावे असा प्रश्न निघाला तेव्हा मुलांनीच निकाल दिला. इंजिन मोडावयाचे नाही. ते आजीच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात राहील. धाकट्या भाच्याने पुतण्यास आणखी एक वचन दिले. पुण्यास कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेतून उभे राहिलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १९९८ साली खुले झाले. चिमुकल्या नगरातून तेथे गाड्या धावतात. सुट्टीत दोघा भावांना ते दाखवावयाचे.

चौथ्या दिवशी सकाळी मी निघालो. वारणानगरचे धुराडे अजून थंडच होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाची चिपाडे जळून तेथे पुन्हा वाफ उठेल. एस.टी. वाठाराकडे वळली तेव्हा जोतिबाचा डोंगर या खेपेस उजव्या हातास चालत होता. कोडोलीस आगगाडी जात नाही हे खरे; पण त्या घरातील कोनाड्यात एक उभी आहे, आणि तिचे दांडे नीट बसलेले आहेत. असो.