सगळ्यांचे मध्य एका रेषेत!

ऐका! चहा नंतर घ्या, आधी ऐका!

मला फोटोतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. अकरा वर्षं पार्ट तपासतोय. फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम, नाहीतर रिजेक्ट झालेल्या पार्टचा पुरावा, एवढंच मला माहीत. आणि गेल्या रविवारपासून मला एका जागी बसवत नाहीये!

गेलो होतो नाटकाला. नाशिक फाट्याला मेट्रो धरली, सिव्हिल कोर्टला बदलली, संभाजी उद्यानला उतरून बालगंधर्वला पोचलो. प्रयोगाला दीड तास अवकाश, वरून पाऊस, आणि कलादालनाच्या दाराशी बोर्ड: छायाचित्र प्रदर्शन, प्रवेश मोफत. बायको म्हणाली, "चला, तेवढंच कोरडं राहू." आणि मग आत शिरलो आणि मग पहिल्याच फोटोपाशी थांबलो आणि मग ती अख्खं दालन फिरून परत आली तरी मी तिथंच!

एक हात होता. नुसता हात! उताणा तळवा, कृष्णधवल, आणि केवढा, माझ्या छातीएवढा! रेघारेघांत तेल मुरलेलं. अंगठ्याच्या पेरावर जुना व्रण. आणि करंगळीच्या नखाशी लोखंडाची एवढीशी कणी, चमकणारी! अहो, असे हात मी रोज बघतो! माझ्या टेबलावर जॉब आणून ठेवतात ते हेच हात! पण आजवर मी जॉब बघितला, हात नाही बघितला.

कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं: ३/१०. फोटो काढणारा मुलगा तिथंच अभिप्रायाच्या वहीपाशी बसला होता. विचारलं, "हा बॅच नंबर का हो?" तो हसला नाही. म्हणाला, "तसंच म्हणा काका. या आकारात याचे दहाच प्रिंट काढायचे, त्यातला हा तिसरा." दहाच! आमच्याकडे एका शिफ्टला किती निघतात, विचारू नका! आणि इथे दहा काढले की थांबायचं! तेवढाच शब्द, आणि तो पाळायचा!

आता खरी गंमत. भिंतीवर लहान फोटो, मोठे फोटो, उभे, आडवे, पण नजर कुठे म्हणजे कुठे अडखळत नव्हती! असं कसं? तो म्हणाला, "वरच्या कडा जुळवायच्या नाहीत, खालच्याही नाहीत. प्रत्येक फोटोचा मध्य जमिनीपासून एकाच उंचीवर. साधारण बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला." डेटम! मी ओरडलोच! आमच्या ड्रॉइंगमध्ये जिथून सगळी मापं धरतात तो डेटम! खिशात टेप असतोच. वरची कड मोजली, खालची मोजली, मध्य काढला. १४८ सेंटिमीटर! पुढचा, १४८! त्याच्या पुढचाही १४८! आणि मग चौथा निघाला साडेसत्तेचाळीस आणि मग तो मुलगा उठला आणि मग आम्ही दोघांनी मिळून ती फ्रेम अर्धा सेंटिमीटर वर घेतली! भर प्रदर्शनात! माझ्या हातानं!

नाटक चांगलं होतं म्हणे. माझं लक्ष नव्हतं.

त्या मुलानं मला फोटोग्राफरांची नावं लिहून दिली होती. मित्तर बेदी! देश नवेनवे कारखाने उभारत होता त्या काळात या माणसानं कारखान्यांचेच फोटो काढले. चिमण्या, पाइप, टाक्या, सगळं देखणं! मग सुधारक ओलवे! मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये राहून काढलेले फोटो. २०१६ साली पद्मश्री मिळाली त्यांना. बेदींकडे यंत्र भव्य दिसतं आणि माणूस त्याच्या मापापुरता. ओलव्यांकडे माणूस सरळ तुमच्याकडे बघतो. मला विचाराल तर मी ओलव्यांच्या बाजूचा, पण मला कळतंय काय!

आणि मग पी. साईनाथ! बायांच्या कामाचे फोटो, १९९३ ते २००२, दहा राज्यांत फिरून काढलेले. 'व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन' नाव प्रदर्शनाचं. आणि ते लावलं कुठे? रेल्वे स्टेशनांवर! एसटी स्टँडवर! कारखान्यांच्या गेटवर! गेटवर हो! रात्री अकराला मी हे वाचलं आणि बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुमच्या गेटवर लावा." आणि पुन्हा झोपली!

पण का नाही? सेकंड शिफ्ट सुटते, फर्स्ट यायची असते, बसची वाट बघत माणसं उभीच असतात. सिक्युरिटी केबिनशेजारची भिंत रिकामी आहे. सोमवारी मोजून आलो, साडेनऊ मीटर. त्या मुलाला फोन केला, तो तयार आहे. एचआरला अर्ज दिलाय, उत्तर यायचंय.

तोवर तुम्ही चला! येत्या रविवारी मुंबई, काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून उभी आहे आणि मला आत्ता कळतंय! वरच्या मजल्यावर टेरेस गॅलरी, तिथे फोटोंची प्रदर्शनं लागतात. पैसे लागत नाहीत. सकाळची सिंहगड चिंचवडला थांबते, डबा मी आणतो.

टेपही घेतलाय.