वाढपी

इंग्रजी शब्द कानावर पडला की त्याला मराठी प्रतिशब्द शोधायचा, ही मराठीच्या प्राध्यापकाची जन्मखोड. जानेवारीत माझा भाचा एक जुना संगणक काखोटीला मारून घरी आला आणि म्हणाला, "मामा, या सत्रात मला सर्व्हर सांभाळायचा आहे." ‘सेवक’ मला फार लीन वाटला, ‘सेवादाता’ फार सरकारी. शेवटी ‘वाढपी’ सुचला आणि मी स्वतःवरच खूष झालो. पंगत बसली आहे. ज्याने जे मागितले ते त्याच्या पानात वाढायचे आणि आपण मात्र सर्वांच्या मागून जेवायचे. सर्व्हर दुसरे काय करतो?

आम्ही राहतो हिंजवडीला. मुळशी तालुक्यातले हे गाव एके काळी शेतीचे. आता काचेच्या उंच इमारतींमुळे ओळखले जाते. चैत्रात म्हातोबाचे बगाड इथून वाकडला जाते, एरवी त्याच बाजूला मोटारींची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते. भाच्याचे कॉलेजही इथलेच. त्याने प्रकल्पासाठी विषय घेतला तो मात्र मला आवडला. आसपासच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून शेतीचे शब्द गोळा करायचे आणि कुणी विचारील त्याला ते सर्व्हरने वाढायचे. राब, खाचर, आवण, पाभर, कोळपे!

फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली त्याने त्या जुन्या यंत्रावर चढवली. फुकट मिळते, एवढे मला समजले. मग आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात रात्रंदिवस पंखा घुमू लागला. वीज जाऊ नये म्हणून बॅटरी आली. रोज रात्री सगळ्या शब्दांची एक प्रत दुसरीकडे ठेवायची आणि सकाळी यंत्राची नोंदवही वाचायची, हा त्याचा नित्यनेम झाला. त्या नोंदवहीत एके दिवशी शेकडो अनोळखी मंडळी दार ठोठावून गेल्याचे दिसले. कुणी ‘रूट’ नावाने, कुणी ‘अ‍ॅडमिन’ नावाने कुलूप चाचपून पाहिलेले. आमच्या सौभाग्यवतींनी त्या रात्री खऱ्या दाराची कडी दोनदा तपासली! या कामातली गंमत अशी, की ज्या दिवशी काहीच घडले नाही तो दिवस यशाचा. असल्या यशाला टाळ्या कोण वाजवणार? वाढप्याचे कौतुक कोणी केल्याचे मीही अजून ऐकलेले नाही.

मार्चमध्ये त्याने शब्दांची यादी छापून माझ्या हाती दिली. वाचता वाचता मी थबकलो.

"अरे, तुझ्या यादीत मशागतीच्या आधीच मळणी झाली की!"

"मामा, क्रम यंत्राने लावलाय. यंत्र चुकत नाही."

"यंत्र बारा महिने शेतात राबलेले नाही. आणि शेतीचे राहू दे, वर्णमाला म्हण."

तो म्हणू लागला. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ... आणि तिथेच गप्प झाला. मशागतीतला ‘श’ आधी, मळणीतला ‘ळ’ नंतर; शाळेतल्या पोराला ठाऊक असलेली गोष्ट.

दोन दिवस तो खोदत बसला. संगणकाला अक्षर कळत नाही, कळतो त्याचा आकडा. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागा आहेत. ती मांडणी घेतली १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून. त्या संकेतात देशातल्या अनेक लिप्यांना एकाच पंगतीत बसवायचे होते. त्या सोयीत ‘ळ’ उठला आणि ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या अलीकडे जाऊन बसला. मांडणाऱ्यांना मी दोष देत नाही. एवढ्या पाहुण्यांची पाने मांडायची म्हणजे कुणाचा तरी पाट हलणारच. पण वेगळे काही सांगितले नाही, तर यंत्र आकडे पाहून वाढीत जाते. आपला मान कुठला, हे आपल्यालाच सांगावे लागते.

मराठी क्रमाचा नियम वेगळा बसवता येतो, असे त्याला कळले. ‘ह’नंतर ‘ळ’, मग ‘क्ष’, मग ‘ज्ञ’. तो बसवायला त्याला एप्रिल पुरा लागला. बाकीच्या विषयांचा अभ्यास मागे पडला आणि माझ्या बहिणीचे फोन वाढले. "एका अक्षरासाठी?" असे ती मलाच विचारी, जणू तो ‘ळ’ माझ्या घरचा! पण तिचे भयही खोटे नव्हते. सत्र बुडाले तर फी पुन्हा भरावी लागणार होती.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक कर्नाटकातले होते, मराठी बेताचीच. दोन याद्या शेजारी ठेवून त्यांनी विचारले, यांत फरक काय? भाच्याने क्रमनियमाचे व्याख्यान न देता सरळ ‘क’पासून वर्णमाला म्हणायला सुरुवात केली. ‘ह’पाशी आला तेव्हा परीक्षकांनीच त्याच्याआधी ‘ळ’ म्हटला. कन्नड शाळेतही तो ‘ह’च्या नंतरच शिकवतात. पुढे बराच वेळ ते दोघे कन्नडची जागा युनिकोडमध्ये कुठे चुकली आहे ते शोधत बसले, आणि बाहेर पुढचा विद्यार्थी ताटकळत राहिला.