रॅम, बाबा आणि मे महिना

'बाबा, तुम्ही नक्की काहीतरी दाबलं असणार!' पुण्यात बसून फोनवर हे वाक्य मी किती वेळा फेकलं असेल, देव जाणे. मूलच्या घरातला पीसी कधी निळा स्क्रीन दाखवून बंद पडायचा, कधी फोटो अर्धे राखाडी दिसायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं, 'मी कायी हात नाही लावलो, बाप्पा.'

वनखात्यातून रिटायर झालेला माणूस. आता कॅमेरा गळ्यात घालून ताडोबाच्या बफरमध्ये फिरतो. 'पीसीवर कॉपी झालं की कार्ड रिकामं करायचं,' हा सल्ला अर्थातच माझा.

मे महिन्यात सुट्टी टाकून गेलो. चंद्रपूरकडचा मे म्हणजे ४५-४६ अंश, कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. आधी व्हायरस शोधला, मग विंडोज नव्यानं टाकलं (आम्हा आयटीवाल्यांचा रामबाण उपाय!). फरक शून्य. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालवलं. हे विंडोज सुरू व्हायच्या आधीच काम करतं. मेमरीच्या घराघरांत ठरावीक आकडे लिहायचे, परत वाचायचे आणि जुळले नाहीत की लाल ओळ. रात्रभर चालू ठेवलं. सकाळी एकही चूक नाही. मी विजयी मुद्रेनं बाबांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. पेपर वाचत राहिले.

दुपारी दोनला, नुसतं कुतूहल म्हणून, पुन्हा लावलं. चाळीस मिनिटांत स्क्रीन लालेलाल!

तेव्हा ट्यूब पेटली. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांना पुन्हा भरावा लागतो. उकाडा वाढला की गळती वाढते. चिपचा एखादा कोपरा मुळातच कच्चा असेल, तर रात्री तो निभावून नेतो आणि दुपारी हमखास दगा देतो. बाबा फोटो कॉपी करायचे तेही दुपारीच, जेवण झाल्यावर.

दोन्ही पट्ट्या काढल्या. एकाच खाचेत एकेक लावून, त्याच वेळेला तपासल्या. पीसीसोबत आलेली जुनी पट्टी ठणठणीत. दुसरीवर पहिल्याच फेरीत लाल ओळी. ही दुसरी मीच गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली होती. स्वस्तात! आणि लावल्यावर तासभर न तपासता पुण्याची गाडी पकडली होती.

खराब रॅममधून गेलेली फाईल गुपचूप बिघडते, कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही. सहा महिन्यांचे फोटो उघडून बघितले. बरेच गेले होते.

'मूळ कार्डं?'

'तूच त पुसाले लावलास ना.'

एक कार्ड तेवढं स्टीलच्या डब्यात तसंच होतं, भरलं नव्हतं म्हणून पुसलं नव्हतं. जुन्या पट्टीवर ते कॉपी केलं. पाणवठ्यावरचे गवे, एक मोरघार आणि बऱ्याच फोटोंत नुसती वाट. मी हळूच 'सॉरी' म्हणालो. बाबा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, 'च्या मांड.'