एक राजा, दोन क्रमांक

इतिहासाचे नकाशे मोठे सोयीचे खरे, परंतु ते कधी कधी पाहणाऱ्यास फसवितात. एका राजाचा सारा मुलूख ते एकाच रंगाने रंगवितात. आणि आपणांस वाटते की, त्या रंगाच्या आत सर्वत्र एकच कायदा व एकच कारभार नांदत असावा. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपात बहुधा तसे नव्हते.

स्पेनचा दुसरा फिलिप याचेच उदाहरण घ्या. कॅस्टील, ॲरॅगॉन, कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया, नेपल्स, सिसिली या सर्वांचा धनी तो एकच. पण प्रत्येकाचे कायदे निराळे आणि कर निराळे. कॅस्टीलमध्ये त्यास जे सहज करता येई, ते कॅटलोनियात करता येईलच असा नेम नसे.

१५७८ मध्ये पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन मोरोक्कोच्या रणांगणावर पडला. त्यास अपत्य नव्हते. त्याच्यामागून गादीवर आलेला वृद्ध कार्डिनल हेन्री १५८० मध्ये निवर्तला. फिलिपची आई पोर्तुगालची राजकन्या. त्या नात्याने त्याने वारसा सांगितला, आणि सैन्यही धाडले. तथापि १५८१ मध्ये तोमार येथे उमराव, धर्मगुरू व नगरे यांच्या प्रतिनिधींची सभा भरली, तेव्हा त्याने वचन दिले : पोर्तुगालचे कायदे, भाषा व नाणे कायम राहील, तेथील आणि समुद्रापलीकडील अधिकाराच्या जागा पोर्तुगीजांनाच मिळतील. अशा रीतीने एकच पुरुष स्पेनमध्ये दुसरा फिलिप राहिला आणि पोर्तुगालात पहिला फिलिप झाला!

हा भाग शिकविताना आम्हांस विद्यार्थी हटकून विचारतात, “म्हणजे गोवा साठ वर्षे स्पेनचा होता काय?” आम्ही सांगतो, “राजा स्पेनचा, राज्य पोर्तुगालचेच.” गोव्यास येणारे व्हाइसरॉय पोर्तुगीजच असत.

परंतु राजा एक झाला की, त्याचे वैरीही सर्वांचे होतात. डच लोक स्पेनशी झुंजत होते. त्यांची जहाजे पोर्तुगीजांच्या आशियातील ठाण्यांवर चालून येऊ लागली. १६३६ पासून काही वर्षे त्यांनी गोव्याच्या बंदराची नाकेबंदीही केली. इकडे चौथ्या फिलिपचा मंत्री ऑलिव्हारेस याने १६२६ मध्ये एक योजना मांडली : सर्व मुलुखांनी मिळून १,४०,००० सैनिकांची तरतूद करावी, त्यांत कॅटलोनिया व पोर्तुगाल यांनी प्रत्येकी १६,००० द्यावे. युद्धाचा भार वाहून कॅस्टील खंगले होते. तेव्हा ही मागणी अगदीच गैर होती असे आम्हांस वाटत नाही. पण ज्यांना जुन्या हक्कांचा भरवसा दिला होता, त्यांना तो वचनभंग वाटला. १६४० च्या उन्हाळ्यात कॅटलोनिया उठला. त्या बंडाच्या पारिपत्यास चला, असा हुकूम पोर्तुगीज उमरावांना सुटला. तेव्हा १ डिसेंबर रोजी लिस्बनमध्येच उठाव झाला आणि ब्रागांझाचा ड्यूक चौथा जॉन म्हणून राजा झाला. बार्सिलोना १६५२ मध्ये शरण आले, तेव्हा कॅटलोनियाचे हक्क राजाने राखले आणि तो प्रांत राज्यात राहिला. पोर्तुगालचे स्वातंत्र्य मात्र १६६८ च्या तहाने स्पेनला मान्य करावे लागले.

मग गोव्याचे काय? नव्या राजाची वार्ता १६४१ मध्ये येथे पोहोचली आणि त्याच्या नावाची द्वाही फिरली. पण तोमारची वचने होती ती पोर्तुगीजांना. शेतात राबणाऱ्या, घरी आमच्याप्रमाणेच कोंकणी बोलणाऱ्या रयतेस १५८१ मध्ये कोणी विचारले नाही आणि १६४१ मध्येही नाही. १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय दोन्ही राजवटींत तसेच चालू राहिले. राजाचा क्रमांक बदलला. रयतेचे दैव बदलले नाही.

विद्यार्थिमित्रहो, नकाशावर एकाच रंगाचा विस्तीर्ण प्रदेश दिसला म्हणजे दोन प्रश्न अवश्य विचारावे : या रंगाखाली कोणास वचन मिळाले होते? आणि कोणास कधी विचारलेच गेले नाही? पहिल्याचे उत्तर ग्रंथांतून बहुधा सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधणे हे तुमचे आमचे काम आहे.