कणकुंबीचा खर्ज

बेळगावहून जांबोटीमार्गे गोव्याकडे निघाले की चोर्ला घाट लागण्यापूर्वी कणकुंबी हे गाव येते. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ऐन सह्याद्रीच्या माथ्यावर ते वसले आहे. येथे माउली देवीचे स्थान असून मलप्रभेचा उगमही येथेच आहे. ही नदी पूर्वेस वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. याच परिसरातील कळसा नाला मात्र पश्चिमेकडे वळतो आणि म्हादईच्या प्रवाहातून गोव्यात उतरतो. एकाच पावसाचे पाणी असे दोन समुद्रांना वाटले जाते. या पाण्याचा वाद लवादापुढे गेला, २०१८ साली निवाडाही झाला. पण तंटा सरलेला नाही.

व्हायोलिन हे वाद्यही आपल्या देशात अशा दोन वाटांनी रुजले. गोव्यात ते चर्चमधील संगीताबरोबर आले. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितांनी ते कर्नाटक संगीतात आणले, आणि तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या मराठी दरबारातील वडिवेलूंनी ते नावारूपास आणले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही गोष्ट सुखावणारी वाटेल.

गेल्या श्रावणात आम्ही कणकुंबीस गेलो ते अशाच एका व्हायोलिनपायी. आमचे एक निवृत्त शिक्षकमित्र तेथे राहतात. वडिलांनी गोव्यातून आणलेले व्हायोलिन त्यांनी जपून ठेवले असून आता नातू ते वाजवतो. भजनात आजोबांनी गावे व नातवाने साथ करावी, असा घरचा रिवाज. परंतु सत्तरीनंतर आजोबांचा आवाज उतरला. पूर्वी काळी तीनमध्ये गाणारे हे गृहस्थ आता पांढरी एकवर आले. मुलगा पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला. त्याच्या चार तारा पांढरी पाच, दोन, सहा आणि तीन या स्वरांत लागतात. सर्वांत खालची तार पांढरी पाचची, म्हणजे आजोबांच्या पंचमाची. त्याखाली ते उतरले की साथ थांबे. व्हायोला हे थोरले भावंड नेमके पाच स्वर खाली, पांढरी एकपासून लागते. पण नवे वाद्य घेणे घराला परवडणारे नव्हते. तेव्हा आहे तेच व्हायोलिन खाली उतरवावे, असे ठरले.

केवळ खुंट्या सैल करून हे साधत नाही. पाच स्वर खाली यावयाचे म्हणजे कंपनसंख्या दोन-तृतीयांश करावयाची. त्यासाठी ताण मूळच्या ४/९, म्हणजे निम्म्याहूनही कमी करावा लागतो. तशी तार लोंबते आणि गजाखाली नुसती खरखरते. म्हणून तार वजनदार हवी. सरळ उपाय असा, की पांढरी तीनची बारीक तार काढावी, उरलेल्या तिन्ही एकेक घर सरकवाव्यात आणि मोकळ्या झालेल्या घरात पांढरी एकची जाड तार चढवावी. मोठ्या व्हायोलाची तार येथे ढिली पडते, कारण तिची लांबी अधिक असते. १४ इंची छोट्या व्हायोलासाठी मिळणारी तार घ्यावी लागते. घोडीवरील व वरच्या पट्टीवरील खाचही थोडी रुंद करावी लागते.

बेळगावच्या एका जाणत्या कारागिरांनी मुलाला बजावले होते, की सर्व तारा एकदम उतरवू नयेत. घोडीजवळ पोटात एक लाकडी काडी केवळ दाबाने उभी असते; दाब गेला की ती पडते. फ्रेंच लोक या काडीला वाद्याचा आत्मा म्हणतात. पणजोबांची वस्तू बिघडली तर घरात दुसरी नाही, हे जाणून मुलगा एकेक तार बदलत होता. कणकुंबीच्या पावसाने खुंट्या फुगून घट्ट बसल्या होत्या. तासाभराने चारही तारा जुळल्या, तेव्हा स्वयंपाकघरातील मंडळीही बाहेर येऊन बसली.

आवाज कसा लागला? वरच्या तीन तारा पूर्वीसारख्याच गोड. नवी खालची तार मात्र दबलेली, पडद्याआडून बोलावे तशी. याचे कारण पेटीत आहे. व्हायोलिनच्या पोटातील हवा साधारण २७० ते २८० कंपनांपाशी घुमते आणि या तारेचा स्वर १३१ कंपनांचा. एवढ्या खर्जाला ही लहान पेटी आधार देऊ शकत नाही. देवळाच्या सभामंडपात ही तार ऐकू जाणार नाही, हे मुलाने स्वतःच सांगितले.

पण ओसरीवर ती पुरेशी होती. आजोबांनी अभंग धरला, खाली उतरले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्याबरोबर व्हायोलिनही उतरले. ते थांबले तेव्हा नातवाने गज तसाच धरून ठेवला होता. आजोबा एवढेच म्हणाले, "आता मला मध्येच सोडून जात नाहीस."

काढलेली बारीक तार आजींनी कागदाच्या पाकिटात घालून व्हायोलिनच्या पेटीत जपून ठेवली आहे. ती पुन्हा चढवण्याची घाई त्या घरात कुणालाही नाही.