पद्मिनी आणि परिमाण

घरात नवी मोटार असताना पन्नास वर्षांची जुनी गाडी सांभाळण्यात काय हशील, हा प्रश्न आम्हांला वर्षातून दोन-चार वेळा तरी ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला आपल्याच व्यापारी आप्तेष्टांचा. त्यांचा हिशेब रोकडा असतो: जी वस्तू उत्पन्न देत नाही, जिच्यावर दरवर्षी खर्च होतो आणि जी ऐन वेळी कामाला येईलच याचा भरवसा नाही, ती काढून टाकावी. दुसरा वर्ग धर्मचिंतन करणाऱ्या वडीलधाऱ्यांचा. त्यांना पैशांची चिंता नसते. जुन्या वस्तूत एवढा जीव गुंतवणे हा परिग्रह नव्हे काय, असे ते विचारतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वहीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात आमच्या घराच्या दोन पिढ्या गेल्या, आणि यंदा तर ते देणे भागच पडले.

गाडी म्हणजे 1976 साली नोंदलेली प्रीमिअर पद्मिनी. आमचे दुकान नारायणगावात, आणि जुने घर व गोदाम तेथून पूर्वेला आठ-दहा किलोमीटरवर खोडद येथे आहे. बाबूजींनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पैसे भरून नंबर लावला आणि मग वाट पाहिली. परवाना पद्धतीच्या त्या काळात कारखान्याने वर्षाला किती मोटारी काढाव्यात हे सरकार ठरवीत असे. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभे आहे आणि दुकानात माल नाही, ही स्थिती आजच्या तरुण व्यापाऱ्याला खरी वाटणार नाही. त्यामुळे गाडी दारात आली तेव्हा तिची किंमत केवळ रुपयांत मोजली गेली नाही. तिच्यात वाट पाहण्याची वर्षेही जमा होती.

बाबूजींना या गाडीचा अभिमान वाटे, त्याला आणखी एक कारण होते. ती आपल्या समाजाच्या एका पुरुषार्थाची खूण होती. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी रेल्वेच्या ठेकेदारीपासून सुरुवात करून 1919 साली सिंदिया ही जहाज कंपनी उभारण्यात पुढाकार घेतला, 1940 साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला आणि 1944 साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने आपल्या देशात तयार व्हावीत हा एका व्यापाऱ्याचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या मोटारी जोडल्या गेल्या. पुढे 1950 च्या दशकात इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. त्या पहिल्या फियाटच्या फुगीर नाकामुळे मराठी माणसाने तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव देऊन टाकले. त्यानंतरचे मॉडेल 1974 पासून ‘पद्मिनी’ या नावाने विकले जाऊ लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप ते हेच. त्यांतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर रस्त्यावरून उतरली.

या गाडीचे सुख कशात आहे, हे नव्या मोटारीत बसणाऱ्याला सांगणे अवघड जाते. वेग म्हणावा तर नाही. इंजिन अवघे 1089 सीसीचे. गार हवेची सोय नाही. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे हात बसेपर्यंत नवशिक्याची त्रेधा उडते. तरीही बॉनेट उघडले की आतले सगळे समजते. हा कार्ब्युरेटर, हा पेट्रोल पंप, ही कॉइल, हा डिस्ट्रिब्युटर. कोण कोणाला काय देतो आणि कोणी दिले नाही म्हणजे काय अडते, हे डोळ्यांना दिसते. चालू गाडीत अडखळ आली तर आमचे मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून क्षणभर ऐकतात आणि म्हणतात, ‘‘शेठ, तिसऱ्या प्लगला करंट कमी आहे.’’ प्लग काढावा, काजळी पॉलिश पेपरने घासावी, पॉइंटमधील फट फिलरगेजने जुळवावी, आणि इंजिन पुन्हा एका लयीत चालू व्हावे. आपल्या हाताने बिघाड दूर झाल्याचे ते समाधान दुकानातल्या मोठ्या सौद्यानेही मिळत नाही.

त्या प्लगमधील ठिणगीची खोडदमध्ये वेगळीच कथा आहे. गावाजवळच्या माळावर महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात ती उभारली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, त्यांतील 14 मध्यभागी आणि उरलेल्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. ही जागा निवडण्याचे एक मोठे कारण म्हणजे येथे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी होता. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की जवळची लहानशी ठिणगीही त्यांत खरखर मिसळू शकते. मार्कोनीचे सुरुवातीचे बिनतारी संदेश ठिणगीच्या जोरावरच जात असत, आणि पेट्रोल गाडीचा प्लग त्याच जातीची ठिणगी दर मिनिटाला शेकडो वेळा पाडतो. अमेरिकेतील ग्रीन बँक वेधशाळेत दुर्बिणींजवळ डिझेलची वाहनेच वापरतात, कारण डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हे कळल्यावर मिस्त्रींनी आमच्या गाडीच्या चारही प्लगांना ठिणगीचा गोंगाट दाबणाऱ्या टोप्या बसवल्या. दूरचे कोणी काही ऐकत असेल तर आपल्या आवाजाने त्याला त्रास होऊ नये, हा विवेक आमच्या घरी एका जुन्या मोटारीने आणला.

आता दुःखाची बाजू. पहिले दुःख सुट्या भागांचे. अस्सल भाग मिळेनासे झाले, आणि बाजारात जे मिळते त्यांतील निम्मे नुसते दिसायला सारखे असते. एकदा ब्रेकचे व्हील सिलिंडर नवे म्हणून आणले आणि महिन्याभरात गळू लागले. पुण्याच्या नाना पेठेत, जुन्या बाजारात, कधी थेट कुर्ल्यापर्यंत एका रबरी वायसरसाठी दिवस मोडतो. दुसरे दुःख पेट्रोलचे. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात. आपल्या ऊस उत्पादकांच्या दृष्टीने ते चांगलेच. पण जुन्या गाडीचे रबर त्या काळच्या इंधनासाठी बनलेले. इथेनॉलने ते फुगते, मऊ पडते. पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या आम्हांला बदलाव्या लागल्या.

तिसरे दुःख उन्हाळ्याचे. इंजिन तापले की नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बसते. बाबूजी चौविहार पाळत. एका वैशाखात पुण्याहून परतताना खेड घाटात गाडी अशीच बसली. बाबूजी रेडिएटरमध्येसुद्धा गाळलेलेच पाणी घालत. त्याच कॅनमधील पाण्याने फडके भिजवून त्यांनी पेट्रोल पंपावर गुंडाळले आणि वाट पाहत उभे राहिले. आईने आम्हां मुलांना डबा उघडून दिला. गाडी सुरू होईपर्यंत सूर्य डोंगराआड गेला होता. बाबूजींचे हात ऑइलने भरलेले, पोटात सकाळपासून काही नाही. त्यांनी हात पुसले, डब्याकडे न पाहता स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, ‘‘आज गाडीने तप घडवले.’’ दुसऱ्या दिवशी नवकारसीनंतरच त्यांनी पाणी घेतले. गाडीवर राग काढलेला मात्र मी कधी पाहिला नाही.

वहीतला हिशेब सरळ आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क पूर्वी 600 रुपये होते. एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी 10,000. त्यात विमा, मिस्त्री आणि सुटे भाग. व्यापारी आप्तेष्टांचे म्हणणे बरोबर आहे: हा खर्च आहे, गुंतवणूक नाही. तो आम्ही घरखर्चाच्या खात्यात लिहितो, दुकानाच्या नाही. एवढ्याने पहिला प्रश्न मिटतो.

दुसरा प्रश्न इतक्या सहज मिटत नाही. दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून न सांगता मूर्च्छेवरून, म्हणजे ममत्वातील बेशुद्धीवरून सांगितली आहे. जुनी गाडी या बाबतीत फार सूक्ष्म परीक्षा घेते. तिची डागडुजी करणारा माणूस नव्या मॉडेलच्या मागे धावत नाही. त्या अर्थी ती इच्छा आवरते. पण तिच्याच पोटातून दुसरी इच्छा जन्म घेते. पुढे मिळणार नाही म्हणून एकाच्या जागी दोन कार्ब्युरेटर घ्यावेत, मग चार, मग गंजका का होईना एक अख्खा दरवाजा. या वाटेचा शेवट ठरलेला असतो: सुट्या भागांसाठी दुसरी गाडीच विकत घेणे. आमच्याकडेही हा योग आला. मंचरकडच्या एका गोठ्यात बंद पडलेली पद्मिनी भंगाराच्या भावात मिळत होती. इंजिन शाबूत, काचा शाबूत. मिस्त्रींचे डोळे चमकले, माझेही.

बाबूजींनी त्या वेळी आनंद श्रावकाची आठवण काढली. उपासकदशांगातील हा वाणिज्यग्रामचा श्रीमंत गृहस्थ भगवान महावीरांपुढे व्रत घेताना संपत्तीचा त्याग करीत नाही, तिला संख्या घालून देतो. त्या यादीत गाडेसुद्धा मोजलेले आहेत, दूरच्या प्रवासाला पाचशे आणि मालवाहतुकीला पाचशे. ‘‘पाचशे हा आकडा मोठा आहे की लहान, हा विचार करू नकोस,’’ बाबूजी म्हणाले. ‘‘आकडा आहे, हे महत्त्वाचे. आपला आकडा दोन.’’ मंचरची गाडी आली नाही. गोदामातील एक लाकडी फळी सुट्या भागांसाठी ठरली. फळी भरली की नवा भाग आणण्याआधी एक जुना कोणा गरजू फियाटवाल्याला द्यायचा, हा नियम झाला आणि तो आजही चालू आहे. त्या फळीमुळे आजूबाजूच्या तालुक्यांतील तीन-चार गाड्या चालू राहिल्या, हा त्या नियमाचा अनपेक्षित लाभ.

यंदा गाडीला पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि नवा पेच पडला. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील, चेसिस, बॉडी व इंजिन मूळचे असलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. पहिल्या नोंदणीस 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही मानाची अक्षरे. अट अशी की ती रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शने, मेळावे आणि पेट्रोल वा दुरुस्तीसाठीच रस्त्यावर काढायची. मुलाचे मत नोंद करावी असे. गाडी जपली जाईल, तिचे मोल वाढेल. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्याच्या सांगण्यात आजोबांविषयीचा आदरही होता.

विरोध केला तो नातीने. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला ती दरवर्षी दुर्बिणीवर जाते. ती म्हणाली, ‘‘दादाजी, तिथल्या तबकड्याही जुन्याच आहेत. पण त्यांनी ग्राहकयंत्रे नवीन बसवली आणि रोज काम चालू ठेवले. कोणी त्यांना पाहायला ठेवलेले नाही.’’ तीस वर्षांचा लोखंडी सांगाडा कायम ठेवून आतील ग्रहणयंत्रणा बदलल्यामुळे ही दुर्बीण आजही जगातील संशोधकांना हवी असते, हे खरेच. तिच्या बोलण्याने माझा कौल ठरला. वापरातील वस्तूची निगा राखताना हात मळतात, तिची मर्यादा रोज कळते. काचेआड ठेवलेल्या वस्तूचे नुसते मोल वाढत जाते, आणि त्या मोलाबरोबर ममत्वही.

आम्ही 10,000 रुपये भरून साधेच नूतनीकरण केले. गाडी आठवड्यातून दोनदा खोडद ते नारायणगाव जाते. चातुर्मासात प्रवास कमी म्हणून ती पडवीतच असते आणि त्या काळात तिचा तळचा गंज खरवडून रंग दिला जातो. मिस्त्रींना आता वाकणे जमत नाही. ते खुर्चीवर बसून सांगतात आणि नात फिलरगेज हातात घेऊन पॉइंट जुळवते. मुलाशी एक गोष्ट बोलून ठेवली आहे: तिला चालवणारे व दुरुस्त करणारे घरात कोणी उरले नाही, तर ती शोभेला ठेवायची नाही, चालवील अशा माणसाला फळीवरच्या भागांसह द्यायची. संवत्सरीपूर्वी परिमाणाची यादी लिहिताना त्याने स्वतःच्या हाताने ‘वाहने: दोन’ असे लिहिले, आणि त्याखाली ही अटही.