दादाची वही

माणसं पोस्टाची तिकिटं जमवतात, काड्यापेट्या जमवतात. आमचा दादा गाणी जमवायचा, आणि तीही वहीत! घरात ग्रामोफोन नव्हता. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत एक रेडिओ, आणि त्यावर पहिला हक्क नानांच्या नाट्यगीतांचा. उरल्यासुरल्या वेळात सिलोन लावून आणि फोर्टातल्या दुकानात उभ्या उभ्या रेकॉर्डांची कव्हरं वाचून दादानं बीटल्सच्या समग्र गाण्यांची यादी आरंभली. म्हणजे इराण्याकडे जाऊन नुसती पाटी वाचून परत यायचं!

मला वाटायचं, यात काय अवघड आहे? चार पोरं आणि १९६२ ते १९७० एवढाच काळ. पहिल्या एलपीतली दहा गाणी तर त्यांनी १९६३ साली एका दिवसात उरकली. तेवढ्या वेळात आमच्या चाळीत एका बिऱ्हाडाचे पापडसुद्धा लाटून होत नसत. पण मोजायला बसलं की भांडण! दोन गाणी त्यांनी जर्मनमध्येही म्हटलेली. ती वेगळी धरायची का?

"लग्नात नाव बदललं म्हणून एका बाईच्या दोन बायका होतात का रे दादा?" मी विचारलं. आठवडाभर मला वहीला हात लावायची बंदी झाली.

एक गाणं तेवीस सेकंदांचं, तर दुसरा आठ मिनिटांचा नुसता गलबला. नाना म्हणाले, "दोघांना एकेकच नंबर? हा कुठला न्याय?"

पण १९६८च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसननं 'द इनर लाइट'चं वादन मुंबईत, आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्ड केलं, हे दादानं सांगितलं तेव्हा नाना सावरून बसले.

"रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आहे ते," दादा म्हणाला.

"मागच्या का? पुढच्या बाजूला काय झालं होतं?" नानांनी विचारलं. त्या दिवसापासून दादाला रेडिओवर अर्धा तास जास्त मिळू लागला.

जर्मन धरून आकडा २१३ झाला. बँड फुटला, तशी दादानं खाली दुहेरी रेघ मारली.

पुढे १९९५-९६ साली लेननच्या घरगुती टेपांवरून उरलेल्या तिघांनी पुरी केलेली दोन गाणी बाहेर आली. लेननला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं होत आली होती. दादानं पन्नाशीत चष्मा पुसून २१४ आणि २१५ लिहिलं. तिसरंही घेतलं होतं, पण टेपच्या खरखरीपुढे त्यांनी हात टेकले.

ते २०२३ साली आलं. यंत्रानं लेननचा आवाज वेगळा काढून दिला, आणि गिटार होती हॅरिसनची, १९९५ सालची. दोघं गेलेले, दोघं ऐंशीपुढचे, पण गाणं चौघांचं. नातवानं मोबाइलवर ऐकवलं. मी माळ्यावरून वही काढली. आता हात लावायला परवानगी मागावी, असं घरात कुणी राहिलं नव्हतं.

दुहेरी रेघेखाली, दादाच्या दोन ओळींनंतर, मी २१६ लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं. दादा असता तर खोडून पुन्हा लिहायला लावलं असतं.